सात रस्त्याजवळची रॉक गाण्यांची बैठक: आधी गाणं, मग तत्त्वज्ञान

सोलापुरात सात रस्त्यापासनं जवळच एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या दोन शनिवारी रॉक गाणी ऐकायची अन् त्यांच्या शब्दांवर तत्त्वज्ञानाच्या अंगानं बोलायची बैठक असते. बऱ्याच जणांनी मला मेसेज करून विचारलं की नक्की काय असतं तिथं, प्रवेशाचे दीडशे रुपये वसूल होतात का, इंग्रजी कच्चं असेल तर चालतं का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. वसूल होतात. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते पुढं येईलच.

पद्धत अशी आहे. साडेसहाला दार बंद, लाइट मंद, मोबाइल पिशवीत, अन् गाणं पहिल्या सेकंदापासनं शेवटच्या सेकंदापर्यंत पूर्ण वाजतं, मध्ये कुणी हूं की चूं करायचं नाही. मग कागद वाटतात, त्यावर गाण्याचे शब्द अन् खाली मराठीत कडव्यागणिक सार. मग तेच गाणं परत. त्यानंतर जो तो बोलतो, काय ऐकू आलं, कुठं थबकलो, काय कळलं नाही. अन् हे सगळं झाल्यावर मग चालवणारे सर (एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात) कुणा तत्त्वज्ञाचं नाव काढतात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे अन् या बैठकीची सगळी किंमत मी तर त्या क्रमालाच देते. पुण्यात मागं अशाच एका कार्यक्रमाला गेले होते, तिथं दोन तास स्लाइडवर नीत्शे, सार्त्र, काम्यू अन् गाणं म्हणून मध्ये अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे. घरी येताना गाणं एकही डोक्यात नव्हतं. तत्त्वज्ञाचं नाव आधी आलं की आपण गाण्यात त्यालाच शोधत बसतो अन् तो सापडला की ऐकणं थांबतं. इथं तसं होत नाही.

आता नुसतं चांगलं चांगलं म्हणून काय कळणार, म्हणून एकेक गाण्याचं सांगते.

पिंक फ्लॉइडचं 'टाइम'. 1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मधलं, शब्द रॉजर वॉटर्सचे, तेव्हा तो तिशीच्या आतला होता. सुरुवातीला एकदम सगळी घड्याळं गजर करतात, ती घड्याळं अ‍ॅलन पार्सन्स या साउंड इंजिनिअरनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केलेली. त्यानंतर निक मेसनचे ड्रम, म्हणजे रोटोटॉम, टप... टप... असे येत राहतात अन् गाणारा काही तोंड उघडत नाही. जवळजवळ अडीच मिनिटं! खोलीत चुळबुळ सुरू झाली, माझ्या शेजारचा पोरगा सारखं मनगटाकडं बघत होता. मग एकदम तो रागावल्यासारखा आवाज येतो अन् शब्द काय, तर तू कंटाळवाण्या दिवसाचे तास असेच उधळतोयस, कुणीतरी वाट दाखवेल म्हणून थांबलायस, अन् एक दिवस बघतोस तर दहा वर्षं मागं पडलेली, शर्यत सुरू झाल्याची बंदूक कधी वाजली ते तुला कुणी सांगितलंच नाही. कागदावर वाचलं तर हा उपदेश वाटतो, आपल्या घरातले मोठे रोज करतात तसला. पण ऐकताना आधी अडीच मिनिटं तुम्ही स्वतः वाट बघत बसलेले असता, गाण्यानं तुमचा वेळ आधी खाल्लेला असतो अन् मग ते वेळेबद्दल बोलतं. हे माझ्या लक्षात तिथं आलं, चर्चेत, त्या मनगट बघणाऱ्या पोरानंच सांगितलं. इतकी वर्षं हे गाणं ऐकतेय.

मग सरांनी सेनेकाचं काढलं. पहिल्या शतकातला रोमन, आयुष्याच्या अल्पपणावर त्याचं एक छोटं लिखाण आहे, त्यात तो म्हणतो की आयुष्य कमी नसतं, आपण त्यातलं फार वाया घालवतो. हे त्यानं लिहिलंय पौलिनुस नावाच्या माणसाला, अन् हा पौलिनुस कोण, तर रोमच्या धान्यपुरवठ्याचा प्रमुख अधिकारी. सेनेका त्याला सांगतो की बाबा गोदामातला गहू मोजणं सोड आता, स्वतःच्या आयुष्याचा हिशेब बघ. हे ऐकल्यावर मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी असलेले एक काका बसले होते ते म्हणाले, "सर, गहू कुणीतरी मोजायला पाहिजेच की. त्यानं सोडलं तर रोम उपाशी मरंल, मग सेनेकानं काय खाल्लं असतं?" सगळे हसले, पण काका हसण्यावारी बोलत नव्हते. ते पुढं म्हणाले, "माझी तीस वर्षं कांद्याच्या पट्ट्या लिहिण्यात गेली, ती वाया गेली असं मला कुणी म्हणू नये. पण या गाण्यातला माणूस मला वाया गेलास असं म्हणत नाही, तो स्वतःबद्दल बोलतोय, म्हणून मला ते चाललं." अन् खरंच आहे ते. सेनेकाकडं उपाय आहे, निवृत्त हो, तत्त्वज्ञान वाच. गाण्याकडं उपायच नाही. शेवटी माणूस थकून घरी येतो, शेकोटीपाशी हाडं शेकतो, लांबवर देवळाची घंटा वाजते, बस. मध्ये एक ओळ आहे शांतपणे हताश जगण्याची, तिथं सरांनी थोरो या अमेरिकन लेखकाची आठवण काढली, 'वॉल्डन' मध्ये (1854) त्यानं बहुतेक माणसांच्या जगण्याबद्दल हेच शब्द वापरलेत. पण थोरो तळ्याकाठी झोपडी बांधून निघून तरी गेला, हा माणूस कुठं जात नाही. या दोघांच्या मध्ये ठेवून ऐकलं की गाणं जास्त कडू लागतं, अन् मला ते तसंच आवडतं.

दुसरं, 'स्टेअरवे टू हेवन', लेड झेपेलिन, 1971. हे सगळ्यांनी इतकं ऐकलंय की मला वाटलं आता यात काय नवीन निघणार. श्रीमंत बाई आहे, चमकतं ते सगळं सोनंच असतं अशी तिची खात्री अन् ती स्वर्गाची शिडी विकत घेतेय. गाण्यातच एके ठिकाणी म्हटलंय की शब्दांना कधी कधी दोन अर्थ असतात, म्हणजे अर्थ लावायचं काम गाणंच आपल्यावर टाकतं. सरांनी आनंदवर्धनाचं नाव घेतलं, नवव्या शतकातला काश्मीरचा, काव्याचा आत्मा ध्वनी म्हणणारा, पण दोन वाक्यांत आवरलं, बरं केलं.

खरी मजा आली ती एका मॅडममुळं. कन्नड माध्यमाच्या शाळेतनं रिटायर झालेल्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या असतील, नातवाबरोबर येतात. त्या म्हणाल्या, "अहो सर, हे तर बसवण्णांनी सांगितलंय, ज्यांच्याकडं पैसा आहे ते शिवालय बांधतील, मी गरीब काय करणार, माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस, अन् स्थावर नष्ट होतं, जंगमाला नाश नाही." मग त्यांनी आपल्या सिद्धरामेश्वरांची कथा सांगितली. बाराव्या शतकात सोलापूर म्हणजे सोन्नलगी, सिद्धराम इथं तळं खणतायत, मंदिरं उभारतायत, लोकांना कामाला लावलंय, अन् अल्लमप्रभू हे शिवभक्त संत येतात अन् त्यांना तोंडावर टोकतात की हे बाहेरचं बांधकाम किती दिवस करणार, आत काय बांधलंस? त्यानंतर त्यांना कर्नाटकातल्या कल्याणला (आताचं बसवकल्याण) घेऊन जातात, बसवण्णांकडं. शून्यसंपादने या जुन्या कन्नड ग्रंथात येते ही कथा. आपण दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला जातो, नंदीध्वजांच्या मागं चालतो, तळ्याकाठी फोटो काढतो, पण त्या तळ्यावरनंच एवढा मोठा वाद झालाय हे खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. मॅडम कन्नडमधनं बसवण्णांचं ते वचन म्हणायला लागल्या तेव्हा कुणीतरी कूलर बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

बरं, मला इथं जे फार आवडलं ते म्हणजे सरांनी "बघा, सारखंच आहे" असं म्हणून विषय मिटवला नाही. त्यांनी विचारलं, मग फरक कुठं आहे? अन् परत गाणं लावलं, तिसऱ्यांदा. आठ मिनिटांचं गाणं, सुरुवातीला नुसती गिटार अन् बासरीसारखे रेकॉर्डर, ड्रम येतात ते जवळजवळ निम्मं गाणं झाल्यावर, मग वेग वाढत जातो, गिटारचा सोलो, मग गायक रॉबर्ट प्लांटचा किंचाळणारा आवाज. म्हणजे गाणं स्वतःच पायरी पायरीनं वर चढतं! शब्द म्हणतायत की शिडी विकत घेता येत नाही अन् संगीत आपल्याला शिडीच चढवतंय, अन् मी तर चढतेच, दरवेळी चढते. अन् अगदी शेवटी सगळी वाद्यं थांबतात, एकटा आवाज उरतो, तो पुन्हा त्या बाईवरच येतो, ती अजून शिडी विकतच घेतेय. बसवण्णांच्या वचनात गरीब माणूस उत्तर देतो, माझा देहच देऊळ म्हणतो. गाण्यात उत्तर देणारं कुणी नाही. मॅडमनी मान हलवली अन् म्हणाल्या, "मग यांना कुणी अल्लम भेटला नाही." यावर बराच वेळ चर्चा चालली अन् बैठक अर्धा तास लांबली, मला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही.

'फ्रीविल' च्या दिवशी मात्र वातावरण तापलं. रश हा टोरँटोचा तिघांचा बँड, गाणं 1980 चं, शब्द लिहिलेत ड्रम वाजवणाऱ्या नील पर्टनं. त्यात म्हटलंय की काही ठरवायचं नाही असं तू ठरवलंस तरी ती निवडच झाली. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र 1945 च्या पॅरिसच्या भाषणात जवळजवळ हेच म्हणाला होता, न निवडणं ही पण निवडच. बरेच लोक पर्टला आयन रँड या व्यक्तिवादी लेखिकेच्या खात्यात टाकतात कारण 1976 च्या '2112' अल्बमवर तिचे आभार मानलेत, ते पण खरंय. तर सरांनी विचारलं, वाक्य तेच असेल तर अर्थ तोच का? सार्त्रसाठी स्वातंत्र्य हे ओझं आहे, माणसाला त्याची शिक्षाच झालीय, त्यातनं सुटका नाही. अन् गाण्यात बँडचा गायक गेडी ली तेच वाक्य इतक्या उंच, झुंजार सुरात म्हणतो की ओझंबिझं काही वाटत नाही, जिंकल्यासारखं वाटतं. ताल पण सरळ चार-चारचा नाही, तबला शिकलेला एक मुलगा मांडीवर मात्रा मोजत होता अन् सारखा सम चुकत होता, शेवटी त्यानं हात वर केले.

मग एक मुलगी बोलली, इंजिनिअरिंगला आहे, आजोबा मिलमध्ये होते. ती म्हणाली, "या गाण्यात ग्रह वाकडे आहेत म्हणणाऱ्यांना, आमच्या वाट्याला पत्तेच हरणारे आले म्हणणाऱ्यांना टोमणा मारलाय. माझ्या आजोबांची मिल बंद पडली. त्यांनी काय निवडलं होतं?" खोली गप्प. सोलापुरात हा प्रश्न प्रत्येक तिसऱ्या घरात आहे, मिलच्या धुराड्याच्या चिमण्या अजून दिसतात आपल्याला. सरांनी घाईघाईनं उत्तर दिलं नाही. ते म्हणाले की सार्त्रकडं याला जागा आहे, तो परिस्थितीबद्दल पण बोलतो, मिल बंद होणं तुमच्या हातात नाही, त्यानंतर तुम्ही त्याला काय मानता तेवढंच हातात. ती म्हणाली, "आजोबांनी नंतर यंत्रमागावर काम केलं, चादरी विणल्या. ती निवड होती का, का नाइलाज?" या प्रश्नावर बैठक संपली, उत्तर न देता. गाणं मला अजून आवडतं, पण ती हरणाऱ्या पत्त्यांची ओळ आली की आता मला ती मुलगी आठवते अन् पर्टचं म्हणणं तिथं थिटं पडतं असं माझं ठाम मत झालंय.

द क्युअर या बँडचं 1978 चं पहिलं गाणं घेतलं तो दिवस सगळ्यात अवघड होता. काम्यूच्या 'परका' या कादंबरीतला (1942) समुद्रकाठचा प्रसंग, मर्सो एका अरबाला गोळी घालतो, ते अडीच मिनिटांत गायलंय. गाण्याच्या नावातच ('किलिंग अॅन अरब') अरबाला मारणं आहे. ज्यानं कादंबरी वाचलीय त्याला त्यात अर्थशून्यता दिसते, उन्हाचा लखलखाट दिसतो, ज्यानं वाचली नाही त्याला सरळ एका समाजाबद्दलचा द्वेष ऐकू येतो. अन् तसं घडलंही, लोकांनी ते गाणं द्वेषासाठी वापरलं, 1986 च्या संग्रहावर बँडला तसा खुलासा करणारा स्टिकर लावावा लागला, पुढं कार्यक्रमात शब्द बदलून गायले. आपल्या बैठकीत नई जिंदगी भागातले दोन भाऊ होते, त्यातला मोठा म्हणाला, "सर, मेलेल्याला नाव का नाही?" अन् हा प्रश्न काम्यूलाच विचारलेला आहे, अल्जेरियाच्या कामेल दाऊदनं 2013 मध्ये त्यावर पूर्ण कादंबरी लिहिली, त्यात त्या मेलेल्या माणसाचा भाऊ बोलतो अन् त्याला नाव देतो, मूसा. सरांनी हे सांगितलं तेव्हा त्या मुलानं कागदाच्या मागं ते नाव लिहून घेतलं. तत्त्वज्ञानाच्या अंगानं वाचायचं म्हणजे गाण्याची वकिली करायची नाही, हे या बैठकीत पाळलं जातं, म्हणून मी तिला एवढे मार्क देतेय.

अर्धा मार्क कापला तो बीटल्सच्या दिवशी. 'टुमॉरो नेव्हर नोज', 1966, तंबोऱ्याचा एकच सूर सगळ्या गाण्याखाली, शब्द लेननचे अन् ते आलेत टिमथी लिअरी हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अन् त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या 1964 च्या पुस्तकातनं, जे तिबेटी मृत्युग्रंथावर बेतलेलं. म्हणजे विचार तिबेटातनं निघून अमेरिकेत गेला, तिथनं लंडनच्या स्टुडिओत आला, अन् वाटेत काय काय बदललं हा किती भारी विषय! पण त्या दिवशी सर नव्हते, दुसऱ्या एकांनी चालवलं अन् त्यांनी दहा मिनिटांत "हे सगळं आपल्याकडं आधीच होतं" असं म्हणून मोकळं केलं. असं म्हटलं की गाणं संपलं, चर्चा संपली, उरतो नुसता अभिमान. तंबोरा आपल्याकडं गायकाला आधार देतो, तिथं तो आवाजाला बुडवतो, एवढं जरी बोलले असते तरी चाललं असतं. आयोजकांना विनंती आहे, सर नसतील तर बैठक पुढं ढकला.

बाकी व्यवहाराचं. जिना अरुंद आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी फोन करावा, खाली खुर्ची टाकून देतात अन् हात धरून वर आणतात, मॅडमना तसंच आणतात. स्पीकर चांगले आहेत, बास नीट येतो, पण एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवला की हळू गाण्यांची वाट लागते अन् बंद केला की जीव जातो, तर उन्हाळ्यात सकाळची वेळ ठेवा ना. कागदावरचं मराठी सार छान असतं, साधं, उगाच काव्य करत नाहीत, फक्त अक्षर बारीक आहे. इंग्रजी कच्चं असलं तरी काही अडत नाही, दिवाणजी काकांना इंग्रजी येत नाही अन् सगळ्यात चांगले प्रश्न तेच विचारतात. मध्ये चहा अन् कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, पैशात धरलेलं. दोघं-तिघं असे आहेत की माइक घेतला की सोडत नाहीत, त्यांना सरांनी जरा आवरावं. बायका एकट्या आल्या तरी काळजी नाही, साडेनऊला सुटतं तेव्हा रस्ता जागा असतो अन् रिक्षा लगेच मिळते.

अन् एक मागणी इथंच लिहून ठेवते, आयोजक वाचतात म्हणून. आत्तापर्यंत मी ऐकलेली सगळी गाणी पुरुषांची. पॅटी स्मिथच्या 'हॉर्सेस' चं (1975) पहिलंच गाणं घ्या, त्यात ती सुरुवातीलाच सांगते की येशू कुणाच्या तरी पापांसाठी मेला, पण माझ्या नाही, माझी पापं माझीच. सार्त्र झालाय, बसवण्णा झालेत, आता ही ऐकू द्या, अन् त्या दिवशी मॅडमना बाराव्या शतकातल्या कन्नड संत कवयित्री अक्कमहादेवीची वचनं म्हणायला आधीच सांगून ठेवा.